मी त्यांना फक्त घरी जा म्हणाले

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला शाळेत असतानाही नीट कळलं नाही, आणि शाळा तर चौथीलाच सुटली. पाचवीचा वर्ग पुढच्या गावात होता आणि घरी माझ्या पाठची तिघं होती. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. हात दिवसभर पाण्यात असतो, त्यामुळे पेन धरलं की बोटं आखडतात आणि ओळ खाली उतरत जाते. लेकीला मराठी समजतं पण वाचता येत नाही. नवरा असलं काही वाचत बसणार नाही. म्हणून लिहायचा तरी धीर होतो. बोलायचा मला कधीच झाला नाही, आणि जे लिहायचं आहे तेही त्याबद्दलच आहे.

आम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहतो. नवरा इथल्या इंडियन हॉटेलात आचारी आहे. आधी पुण्यात, मग दुबईत आणि मग इथे, असा तो तव्यामागून तव्यामागे फिरला, आणि मी लेकीला घेऊन त्याच्या मागून आले. सुरुवातीची वर्षं मी घरीच होते. इथे कारखान्यांत आणि टेलिफोनच्या कंपनीत बरीच मराठी माणसं आहेत, सगळी शिकलेली, पुण्या-मुंबईकडची. त्यांच्या बायकाही नोकरी करतात. मी त्यांना पोळ्या करून द्यायला लागले. दहाच्या चवडी, फॉइलमध्ये गुंडाळून. त्या मला मावशी म्हणायच्या. पुण्यात घरकामाला येणाऱ्या बाईला म्हणतात तशी मावशी. मला त्यात काही वाटायचं नाही.

मला काम करायची परवानगी मिळाली तेव्हा हॉटेलच्या मागच्या गल्लीत पैजा घेण्याचं दुकान होतं, तिथे सफाईला बाई हवी होती. मी गेले. भिंतीवर ओळीने टीव्ही, त्यावर घोडे, कुत्री, फुटबॉल. खाली चुरगळलेल्या चिठ्ठ्या आणि छोटी निळी पेनं. सकाळी दुकान उघडायच्या आत मी ते सगळं झाडून काढायची.

तिथली मॅनेजर पन्नाशीची, इथलीच, आवाजाने मोठी आणि मनाने मऊ. वीस वर्षं त्याच दुकानात होती. एकदा काउंटरवरच्या मुलीचं मशीन बंद पडलं आणि एका म्हाताऱ्याचे पैसे द्यायचे होते. पाचास दोन असा भाव, म्हणजे दोन लावले की पाच मिळायचे, आणि लावलेले बारा युरो. मी पुसत पुसत म्हणाले, "बेचाळीस." मॅनेजर म्हणाली, "काय?" मी परत म्हणाले. मशीन सुरू झालं तेव्हा त्यावर बेचाळीसच आले, तीस जिंकलेले आणि बारा त्याचे स्वतःचे. चौथीपर्यंत आमच्या गुरुजींनी आमच्याकडून पाढे तर घोकून घेतलेच, पावकी आणि निमकीही घेतली होती. पाव, अर्धा, अडीच, साडेतीन हे माझ्या तोंडात बसलं आहे. मॅनेजरने सगळ्या दुकानाला सांगितलं, "ही बघा, मशीनच्या आधी सांगते. हिला झाडू देऊन बसलोय आपण."

सहा महिन्यांत तिने मला काउंटरवर घेतलं. मला इंग्रजी तोडकंमोडकं येतं, पण तिथे बोलायचं काही नसतं. चिठ्ठी घ्यायची, मशीनखाली धरायची, पैसे घ्यायचे. माझा पुढचा एक दात पडलेला आहे, म्हणून बोलताना हात आपोआप तोंडावर जातो. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली. ती मला "ग्रँड, मिसेस?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारायची आणि मी मान हलवायची. त्या कामात मी सुखी होते.

मग नियम आले. नियम आधीही होते, पण नवा कायदा झाला तसे ते कडक झाले. काउंटरखाली एक फाइल होती. ज्यांनी स्वतःहून लिहून दिलं आहे की मला खेळू देऊ नका, त्यांचे फोटो त्यात. ती तोंडं आम्ही लक्षात ठेवायची आणि आली तर परत पाठवायची. शहर असून गावच हे. प्रत्येक तोंड मॅनेजरच्या ओळखीचं. एक निवृत्त बसचालक होता. बायकोला बरोबर आणून त्याने फॉर्म भरला होता. दीड महिन्याने टोपी डोळ्यांवर ओढून आला.

"मला तुझी पैज घेता येणार नाही रे," मॅनेजर म्हणाली. "तुला माहीत आहे."

"तुझ्या बापाला खांदा दिलाय मी."

"माहीत आहे. मी होते की तिथे. तरी घेता येणार नाही."

त्याने पेनांचा डबा काचेवर मारला आणि गेला. मॅनेजर मागच्या खोलीत गेली. तिने किटली लावली पण पाणी घालायचं विसरली. "वीस वर्षं मला सांगत होते, गिऱ्हाईक बसवून ठेव," ती म्हणाली. "आता सांगतात, उठवून घरी पाठव. पगार तोच. आणि महिन्याचा धंदा कमी झाला की परत मलाच विचारतात, का कमी झाला." किटलीत पाणी मी घातलं.

माणसं परत पाठवणं तिच्याकडे होतं. माझ्या वाट्याला दुसरा नियम आला. कुणी रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसला, जास्त लावायला लागला, सारखा बाहेर जाऊन पैसे काढून आणायला लागला, तर काउंटर सोडून त्याच्याजवळ जायचं आणि बोलायचं. स्पष्ट बोलायचं. तुम्ही फार खेळताय असं आम्हाला वाटतं, थोडं थांबता का, हे पत्रक घ्या, यावर फोन नंबर आहे. मग ते सगळं कॉम्प्युटरात लिहायचं. याचं शिक्षणही कॉम्प्युटरवर होतं, प्रश्न आणि चार उत्तरं. मी ते घरी लेकीला शेजारी बसवून केलं. ती मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते, आणि आईला इथल्या मुलांसारखं मॅम म्हणते.

"मॅम, हे सोपं आहे. सी. स्पष्ट शब्दांत सांगा."

"अनोळखी पुरुषाला?"

"मग कुणाला? हे कामच आहे तुझं."

शंभरपैकी शंभर मार्क पडले. ते तिचे होते. शेवटी एक कागद होता, त्यावर सही केली. दुकानात कोण येतं, किती लावतं, किती हरतं, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. अगदी घरच्यांनाही नाही. ते मला पटलं. दुसऱ्याचं उघडं करायचं नाही हे मला आईनेच शिकवलं होतं.

पोळ्या नेणाऱ्यांत एक होती, तिशी-पस्तिशीतली. नवराबायको दोघं इंजिनियर, एक मुलगा. ती एकटीच मला मावशी न म्हणता ताई म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायची. एक दिवस ती म्हणाली, "मॅडम काय हो. मी लहान आहे तुमच्यापेक्षा, नावाने हाक मारा." नाव घ्यायला माझी जीभ वळेना. मग मीही तिला ताई म्हणायला लागले. दोघी एकमेकींना ताई. तिला त्याचं फार हसू यायचं. बाकीच्या बायका दारातून पोळ्या न्यायच्या. ही आत यायची, ओट्याला टेकून उभी राहायची, आणि गरम पोळी तूप लावून तिथेच खायची. "घरी माझ्या हातची खाववत नाही," म्हणायची. या देशात माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलेली ती एकटी.

तिनेच भिशी सुरू केली. आमच्याकडे असते तशी दिवाळी भिशी. दर महिन्याला शंभर भरायचे आणि दिवाळीला ज्याचे त्याने एकरकमी घ्यायचे. व्याज नाही, कागद नाही. तिला आणि मला धरून आठ जणी. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण या की." बाकीच्या सगळ्या शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या, त्यात मी. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. पहिले शंभर मी रोख नेऊन दिले. पैसे तिच्या बँकेत राहायचे. तिच्या म्हणजे दोघांच्या, नवराबायकोच्या. मी ते दात बसवायला साठवत होते. इथे दाताचा डॉक्टर फार महाग आहे.

एका शनिवारी तिचा नवरा दुकानात आला. चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहिला, वर बघितलं आणि काउंटरवर मी.

"मावशी? तुम्ही इथे?"

"हो सर."

"मी आपला मित्रांबरोबर. मॅच आहे ना आज."

बरोबर कुणी नव्हतं. त्याने वीस युरो लावले. मी खाली मान घालून चिठ्ठी मशीनखाली धरली. लाज मलाच वाटली, जणू मीच कुठे नको तिथे सापडले होते. त्यानंतर तो दुसऱ्या मुलीच्या खिडकीवर जायचा. आधी शनिवारी, मग मधल्या वारी जेवणाच्या सुट्टीत, मग चार वाजता. समोर बँकेच्या भिंतीत पैशांचं मशीन होतं. तो रस्ता ओलांडून जायचा, यायचा, परत जायचा. कुत्र्यांच्या शर्यती तर दर थोड्या वेळाने असतात, त्यांना दिवस संपतच नाही. एकदा मी मोजलं. दुपारी तीन ते पाच, पाच वेळा गेला आणि आला.

संध्याकाळी त्याची बायको पोळ्या न्यायला आली. "हल्ली ह्यांना फार काम असतं हो," ती म्हणाली. मी पोळी उलटली. हाताला चटका बसला.

मॅनेजरच्या लक्षात आलंच होतं. "तो करड्या जाकिटातला," ती म्हणाली. "तुमच्याकडचा ना तो?"

"हो."

"तूच बोल त्याच्याशी. माझ्या तोंडून त्याला अपमान वाटेल. आपल्या भाषेत ऐकलं तर बरं पडेल त्याला."

"मला नाही जमणार."

"जमेल गं. नाहीतर मला जावं लागेल, आणि मी कशी बोलते तुला माहीत आहे."

तिने पत्रक माझ्या हातात दिलं. मी ते घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवलं. दोन दिवस तसंच ठेवलं.

मंगळवारी तो आला. तासभर झाला. तो कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसला होता, पाय दांडीला अडकवून. मी काउंटरचं दार उघडून बाहेर आले. पुसायचं फडकं हातात घेतलं होतं, उगाच. ते शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे, मी त्यांच्या घरच्या पोळ्या लाटणारी. माझ्या आईने असल्या माणसाशी बोलायची एकच तऱ्हा मला शिकवली. समोरच्याला कमीपणा येईल असं काही उच्चारायचं नाही. बाजूने विचारायचं, ज्याला कळायचं त्याला कळतं.

"सर, चहा घेता का?"

"नको मावशी. आत्ताच झाला."

"घरी सगळं बरं ना?"

"एकदम मस्त."

"बाळ शाळेत रुळलं का?"

"हो, छान रुळलंय." तो टीव्हीकडे बघत होता.

माझा हात खिशात पत्रकावर होता. ते काढून त्याच्या हातात ठेवणं म्हणजे चारचौघांत त्याच्या कपाळावर शिक्का मारण्यासारखं वाटलं. मी हात बाहेर काढला, रिकामाच.

"बाहेर पाऊस आहे," मी म्हणाले. "घरी जा आता सर. वाट बघत असतील."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला. "जातो, जातो मावशी." आणि खरंच उठला, टोपी चढवली आणि गेला.

मॅनेजर काचेमागून बघत होती. "बोललीस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"सगळं ठीक आहे म्हणाला. घरी गेला."

तिने दोन्ही अंगठे वर केले. मग कॉम्प्युटरात टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणं झालं, त्याचं म्हणणं सगळं ठीक आहे, पत्रक दिलं. शेवटचे दोन शब्द ती आपोआप टाइप करून गेली. नेहमी तसंच लिहायचं असतं. मी नाही दिलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिने आधीच बटण दाबलं होतं, आणि ती खूश दिसत होती. मीही खूश होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी बोलले होते आणि त्या माणसाने ते ऐकलं होतं.

तो परत आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मला वाटलं, सुटला. त्या तीन आठवड्यांत मी पोळ्या जरा जास्तच पातळ लाटल्या असतील.

एक दिवस त्याची बायको ओट्याला टेकली होती. पोळी हातात तशीच होती.

"ताई, एक विचारू? हे तुमच्या दुकानात येतात का हो?"

लाटणं माझ्या हातात होतं. मी मनात हिशेब केला. कागदावर सही आहे. आणि आता तर तो येतही नाही. जे संपलं ते सांगून दोघांच्या मध्ये का आग लावायची.

"नाही हो ताई," मी म्हणाले. "नाही येत."

ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. तिने मोठा श्वास सोडला. "मग बरं. मला वेड्यासारखं काहीतरी वाटत होतं. बँकेतून पैसे निघतात, हे म्हणतात गावी पाठवले, कधी म्हणतात गाडीचं काम निघालं. तुमच्याजवळ म्हणून विचारलं. कुणाला सांगू नका." तिने पोळी संपवली आणि अजून एक मागितली. त्या दिवशी तिने मला मुलाच्या शाळेतल्या नाटकाचे फोटो दाखवले. ससा झाला होता तो.

दिवाळीला सात-आठ दिवस राहिले तेव्हा भिशी वाटायची होती. बायकांच्या फोनवरच्या गटात तिने लिहिलं, दोन दिवस थांबा. मग परत लिहिलं, थांबा. मग काहीच लिहिलं नाही. मी चकलीचं पीठ भिजवून ठेवलं होतं. दार वाजलं. ती होती. पिशवी नव्हती, छत्री नव्हती. ती ओट्याजवळ आली नाही, दारातल्या पायपुसण्यावरच उभी राहिली.

"खात्यात एकशे चाळीस युरो आहेत," ती म्हणाली. "भिशीचे आणि आमचेही, सगळे मिळून."

मी पिठाचे हात फडक्याला पुसले.

"बँकेचे कागद काढले मी. मे-जूनमध्ये सगळे पैसे तुमच्या दुकानासमोरच्या मशीनमधून काढलेत. पाच-पाच वेळा एका दिवसात. तुम्ही बघत होतात."

"ताई, मला सांगता येत नव्हतं. सही केली होती मी."

"कशावर?"

"कागदावर. दुकानाच्या."

"मी विचारलं होतं तुम्हाला. इथे उभी राहून विचारलं होतं."

"तेव्हा ते येत नव्हते हो. खरंच येत नव्हते."

"पलीकडच्या दुकानात जात होते. नदीपलीकडच्या. आणि फोनवरही खेळत होते. तुम्ही जुलैत खरं सांगितलं असतं ना मावशी, तर निम्मे तरी राहिले असते." ती मला मावशी म्हणाली. रागाने म्हणाली असं नाही. बाकीच्या बायका म्हणतात तसं सहज म्हणाली. मग ती गेली. पीठ मी दुसऱ्या दिवशी टाकून दिलं.

नवऱ्याला मी त्या रात्री एवढंच सांगितलं की भिशी बुडाली. तो म्हणाला, "मोठ्या लोकांच्यात कशाला जायचं?" आणि कूस बदलून झोपला.

तिने आमच्या दुकानाच्या कंपनीला पत्र लिहिलं. माझा नवरा रोज दोन-दोन तास तुमच्या दुकानात बसत होता, तुमच्या माणसांनी काय केलं, असं. मोठ्या ऑफिसातून एक माणूस आला, तरुण, लॅपटॉप घेऊन, बोलायला चांगला. मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. त्याने आमच्यासमोर मॅनेजरने टाइप केलेली ती ओळ उघडली.

"उत्तम," तो म्हणाला. "वेळेवर बोललात, त्याच्या भाषेत बोललात, नोंद आहे, पत्रक दिलंय. आपल्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. बाईंना तसं कळवू."

मॅनेजर म्हणाली, "ग्रँड." आणि चहाचे कप उचलायला लागली.

मला ताई दिसली, माझ्या ओट्याला टेकून उभी. तिला आता छापील पत्र जाणार होतं की आम्ही सगळं केलं. माझा हात तोंडावर गेला होता. मी तो खाली घेतला.

"मी पत्रक दिलं नाही," मी म्हणाले.

दोघं थांबली.

"मग काय केलंत?" त्याने विचारलं.

"चहा घेता का विचारलं. घरी सगळं बरं का विचारलं. पाऊस आहे, घरी जा म्हणाले."

"जुगाराबद्दल?"

"नाही. आमच्यात तसं तोंडावर बोलत नाहीत."

तो बराच वेळ टाइप करत होता. मॅनेजरने कप खाली ठेवले. तिला लेखी ताकीद मिळाली, खोटी नोंद केली म्हणून. मला काउंटरवरून काढून परत सफाईला लावलं. कंपनीने बाईंना लिहिलं की कर्मचाऱ्यांना पुन्हा शिक्षण देण्यात येईल. त्याने तिचा एक पैसा परत आला नाही. मला वाटत होतं, खरं बोललं की निदान छातीवरचं ओझं उतरेल. तेही उतरलं नाही.

मॅनेजर दोन दिवसांनी मला म्हणाली, "एकदा माझ्याकडे बघायचं तरी होतंस, बोलायच्या आधी." मी सॉरी म्हणाले. "चूक माझीच," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं, नक्की काय बोललीस म्हणून. मराठीत काय बोललीस ते मला कसं कळणार होतं." वसंतात तिने नोकरी सोडली. तिच्या बहिणीचं केक-ब्रेडचं दुकान आहे, तिथे जाते. "तिथे कुणी जास्त खाल्लं तर मला फॉर्म भरावा लागत नाही," असं निरोपाच्या दिवशी सगळ्यांना म्हणाली. सगळे हसले. मला मिठी मारली, पण आधीसारखी नाही.

मॅनेजर जायच्या थोडे दिवस आधी तो आला. ताईचा नवरा. फॉर्म भरायला, स्वतःचं नाव त्या फाइलीत घालायला. मी खिडकीच्या कडा पुसत होते. तो वाळला होता. मॅनेजरने त्याला भिंतीजवळ उभं करून फोटो काढला. पासपोर्टला काढतात तसा. सही करून झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"मावशी."

"हो सर."

"त्या दिवशी तुम्ही घरी जा म्हणालात ना. मला सगळं कळलं होतं."

मी फडकं पिळत राहिले.

"म्हणूनच मी पलीकडच्या दुकानात जायला लागलो. तिथे मराठी कुणी नव्हतं." त्याने जाकिटाची चेन लावली. "तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

मला वाटलं होतं की मी बोलले ते त्याला कळलंच नाही. तेवढाच एक आधार होता मला. तो त्याने काढून घेतला, चांगुलपणाने. आजही मला कळत नाही, पत्रक हातात दिलं असतं, तोंडावर सांगितलं असतं, तर तो थांबला असता की नुसता आणखी लांबच्या दुकानात गेला असता. फॉर्मवर याचं उत्तर लिहायला जागा नसते.

त्याच्या बायकोने आम्हा दोघींखेरीज बाकीच्या सहा जणींना एकेकीला फोन करून सांगितलं, मी फेडीन. तिचं स्वतःचंही त्या भिशीत होतं, ते तिने सोडून दिलं. मला तिने फोन केला नाही, चार ओळी लिहून पाठवल्या. तुमचे अकराशे आहेत, देईन. मी लिहिलं, माझे शेवटी द्या. आणखी काहीतरी लिहायचं होतं. बराच वेळ बोट काचेवर ठेवून बसले. मग तेवढंच पाठवलं.

त्यांनी घर घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. गाडी विकली. ती स्वतःची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार वृद्धाश्रमात जेवण वाढायला जायला लागली. मला हे दुसऱ्या बायकांकडून कळायचं, पोळ्या नेताना त्या बोलायच्या. "बिचारी" म्हणायच्या आणि मग "पण तिला कळलं कसं नाही" असंही म्हणायच्या. मी पोळ्या मोजायची. ती स्वतः पोळ्या न्यायला आली नाही. किराणा दुकानात दोनदा दिसली, डाळींच्या रांगेत. मी मान हलवली, तिनेही हलवली. मुलगा उंच झाला होता. त्याने मला ओळखलं आणि हात हलवला. ती त्याला काहीतरी म्हणाली आणि ते पुढे गेले.

एकेकीचे पैसे फिटत गेले. कुणाचे सहा महिन्यांत, कुणाचे वर्षात. गटावर कुणी लिहायचं नाही, पण कळायचं. माझ्या खात्यात गेल्या वर्षीपासून यायला लागले, दर महिन्याला शंभर, एक तारखेला. बँकेचा निरोप आला की मी फोन उलटा करून ठेवायची. दोनदा वाटलं, लिहावं, राहू द्या आता. पण ते लिहिणं म्हणजे पुन्हा तिला कमीपणा आणणं झालं असतं. दर महिन्याला ते पैसे पाठवून ती काय करत होती ते मला समजत होतं. तिला माझ्याकडून काही नको होतं. माफी नको होती, सूट तर नाहीच.

या महिन्यात एक तारखेला पैसे आले नाहीत. दोन तारखेलाही नाहीत. मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही. वाटलं, हा शेवटचा हप्ता तरी राहील आमच्यात. तिसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी दार वाजलं. ती वृद्धाश्रमातल्या कामावरून आली होती, अंगात त्यांचा निळा अंगरखा होता. केस पांढरे दिसायला लागले होते.

"बँकेचं काहीतरी अडलं," ती म्हणाली. "म्हणून हातात आणले."

"आत या ना."

"नको. मुलाला घ्यायचंय."

"दोन मिनिटं. तवा तापलेलाच आहे."

ती आत माझ्या ओट्याकडे बघत होती. मला वाटलं, येते. मग तिने पाकीट पुढे केलं.

"मोजून घ्या."

"काय मोजायचंय त्यात."

"मोजा. मला बघायचंय तुम्ही मोजलेलं."

मी मोजले. पन्नासच्या दोन नोटा, कोऱ्या.

"शंभर," मी म्हणाले.

"आता झाले पुरे. अकराशे."

"हो. झाले."

तिने मान हलवली आणि ती जिना उतरून गेली. वरच्या खिडकीतून मला ती रस्ता ओलांडताना दिसली. नोटा माझ्या हातातच होत्या, आणि आठ जणींच्या भिशीतलं आता कुणाचंही काही देणं राहिलं नव्हतं.